दम

विल्फ म्हणतो, हा घे, मार्ता. वीस गॅलनची टाकी,
खाली चाकं, पाच वर्षांची हमी.
मी म्हणते, ही चाकं फाळक्यावर चढतात का?

तो हसतो. दुकानात हीटर घरघरतोय.
बाहेर किंडर्सलीत उणे एकतीस,
माझा ट्रक दाराशी चालूच ठेवलाय
कारण बंद केला तर तो पुन्हा सुरू होईल
याची हमी कुणी देत नाही.

पाच कॉम्प्रेसर फरशीवर ओळीनं,
लाल, पिवळे, एक काळा,
गळ्यात आकडे अडकवून उभे.
एकशे पंचाहत्तर. दीडशे. पुन्हा दीडशे.
जोर किती ते लिहिलंय,
टिकेल किती ते नाही.
ओरेस्ट असता तर गुडघ्यावर बसून
प्रत्येकाच्या व्हॉल्व्हला बोट लावून म्हणाला असता,
दाब काय, कुणीही दाखवतं. दम बघ.

आमचा जुना पेट्रोलवर चालायचा.
दोरी ओढायची, शिवी घालायची, पुन्हा ओढायची.
एका दांडीला तो, दुसऱ्या दांडीला मी,
हं म्हटलं की वर.
अकरा वर्षं.
आता त्याच्या मणक्यात दोन स्क्रू आहेत,
आणि हं मी एकटीच म्हणते.

बॅटरीवाला बघ, विल्फ म्हणतो, फुलासारखा हलका.
फुलांचं इथे नोव्हेंबरपासून काय होतं
ते त्यालाही ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर मी इथे आले त्या रात्रीमुळे.
एस्टनच्या खडीच्या रस्त्यावर
मसूर भरलेला ट्रक एका कुशीवर कललेला,
ड्रायव्हर पोरगी, विशीतली, डेलफिन नावाची,
टोपीखाली ओल्या केसांचा बर्फ झालेला.
टायर मी वीस मिनिटांत ठिगळ लावून उभा केला.
मग हवा.
तेल डांबरासारखं. दोरी हलेना.
टाकीच्या बुडाचा नळ गोठलेला,
आत आठवड्याचं पाणी, जे रोज सोडायचं असतं,
जे मी सोडलं नव्हतं.
डेलफिननं एक बाजू धरली. हं तिला माहीत नव्हतं,
तरी उचललं आम्ही.
केबिनमध्ये, हीटरच्या तोंडाशी,
ते काळं, तेलकट, पेट्रोलच्या वासाचं धूड
आमच्या दोघींच्या मांड्यांवर.
खिडक्या खाली, नाहीतर गुदमरलो असतो.
दीड तास.
ती सूर्यफुलाच्या बिया सोलत होती,
टरफलं खिशात ठेवत होती, खाली टाकत नव्हती.
मला ती पोरगी त्या टरफलांवरून आवडली.

तेव्हा मी विल्फकडे टेप मागते.
टाकीची उंची मोजायची नाही, रुंदी मोजायची.
माझ्या शेजारची सीट एकोणीस इंच आहे,
ते पाठ आहे.
तो कोपऱ्यातला छोटा पिवळा दाखव.
तेल नाही, दोरी नाही,
चिमटे थेट गाडीच्या बॅटरीला,
टाकी म्हणशील तर दोन गॅलन, पाण्याच्या घागरीएवढी.
विल्फ चष्मा काढतो.
ट्रकचा टायर भरायला अर्धा तास घेईल हा, मार्ता.
अर्धा तास आहे माझ्याकडे, मी म्हणते.
दीड तास नाही.

एका हातानं उचलते. दुकानातल्या दुकानात,
काउंटरच्या उंचीपर्यंत, दोनदा,
दुसऱ्यांदा हातमोजे घालून.
विल्फ बिल फाडतो.

सीटवर ठेवला तसा डॅशबोर्ड बोलू लागला.
टिंग. टिंग. टिंग.
कुणीतरी बसलंय, पट्टा लावा.
मी पट्टा लावला.
टिंग थांबलं. बराच वेळ मी गिअर टाकला नाही.

वाटेत ओरेस्टचा फोन.
किती गॅलनचा?
दोन.
पलीकडे शांतता, मग खुर्चीचा करकर आवाज,
मग खोकला.
कुठे ठेवलास?
तुझ्या जागेवर.

तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, रोज संध्याकाळी
पाणी सोडत जा.