हातावर पाणी

दारातच नाव सांगितलं त्यानं, लिंबानी.
मी म्हटलं, लिंबाचं झाड आहे आमच्या मागे,
कडू, पण सावली बरी.
तो हसला. त्यांच्या भाषेत म्हणे, 'खंबीर राहा'.

गोकुळपेठेपासून अकरा घरांनी
"आत्ताच दिली खोली" म्हणून परत पाठवलेलं.
बारावी मी. तेच म्हणणार होते.
मे महिना. त्यानं पाणी मागितलं.
दिलं मी. कान तुटलेल्या कपात.
हे लिहायला मला चार वर्षं लागली.

खोली का दिली, सांगता येत नाही.
बहुधा त्यानं कप विसळून पालथा ठेवला म्हणून.

पहिल्या आठवड्यात हौसेनं फुटाळ्यावर नेलं त्याला.
भाजलेली कणसं घेतली, लिंबू-मीठ चोळून.
तो पलीकडचा काठ शोधत होता;
लगेच सापडला, तर माझ्यासाठीच जरा ओशाळला.
मलावीतलं त्यांचं तळं दिवसभर बस धावली तरी संपत नाही,
आणि रात्री कोळ्यांचे कंदील पाण्यावर, इतके,
की आभाळ वर कुठलं, खाली कुठलं,
लहानपणी कळायचंच नाही.
मग दाणे सोलता सोलता म्हणाला,
डोंगर बोडके झाले आमचे, कोळशापायी.
डोंगर खाऊनच चूल पेटते.
बहीण सातवीत होती, टियामिके.
आधी पाणी लांब गेलं,
मग शाळा लांब गेली,
मग एक नवरा तेवढा जवळचा निघाला.

आणि आपलं उरलेलं अर्धं कणीस माझ्या हातात दिलं.

पदवी झाली. निघायच्या आदल्या रविवारी
स्वयंपाकघर मागून घेतलं त्यानं.
इतवारीतून आणलेलं मक्याचं पांढरं पीठ,
ढवळून ढवळून, घाट्यासारखं,
पण पळी उभी राहील असं.
शेजारच्या बोरकुटेबाईंनाही बोलावलं,
ज्या अजून त्याला "तुमचा तो पोट्टा" म्हणतात.

जेवणाआधी तांब्या-परात घेऊन एकेकापुढे वाकला.
बोरकुटेबाईंनी हात मागे घेतले,
मग केले पुढे.
माझी पाळी आली.
साठ वर्षांत किती हातांवर पाणी घातलं असेल मी;
माझ्या हातांवर कोणी घातलेलं आठवेना.
टाकीचं पाणी, उन्हानं कोमट.
बोटांतून परातीत पडत राहिलं,
आणि मला पुरे म्हणता येईना.

तो कप आहे अजून, माळ्यावर.
फेकला तर बरं वाटेल,
म्हणून फेकत नाही.