एक-तीन-दोन

चैत्रात जिनिंग बंद पडलं.
माझे सात पगार अडकलेले. शेठ म्हणाले,
पैसे तर नाहीत बाई, ती गाडी न्या.
शेडमागं मारुती, चाकांत हवा नाही, टपावर सरकी,
मागच्या सीटवर कुत्री व्यालेली.
पिल्लांनी डोळे उघडेस्तोवर थांबले,
मग ट्रॅक्टरला दोर लावून
मानवतच्या भर बाजारातून आणली.
कुणीतरी विचारलं, नवरी कुठंय?

बबन फिटरनं बॉनेट उघडलं न् लगेच झाकलं.
इंजिन जाम. भंगारात बारा हजार.
सात पगारांचे बारा हजार!
एकवीस वर्षं मी शेठची कीर्द लिहिली,
अशी नोंद माझ्या हातून कधी झाली नाही.

चौघांनी बांबूला लटकवून इंजिन काढलं.
गोदाआत्या ओट्यावरून म्हणाल्या, तिरडीवानी दिसायलंय.
मी जुन्या कीर्दीची कोरी पानं फाडून घेतली.
डाव्या पानावर: निघाला. उजव्या पानावर: बसला.
लांब बोल्ट, परातीत.
पिस्टन तीन, इडलीच्या भांड्यात.
रिंगा नऊ, पैकी दोन मोडक्या.
आणि तिसऱ्या सिलिंडरात गंजाची एक रेघ,
तुटका दात जिभेला लागावा तशी नखाला लागणारी.

ब्लॉक पोत्यात बांधून एसटीनं परभणीला.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.
खमर मिस्त्रीनं आत बोट फिरवलं:
गोल कां है बाई, अंडा हो गया.
भिशीचा माझा नंबर आषाढात होता,
शमीमकडून वैशाखात बदलून घेतला.

व्हॉल्व्ह घासायचं काम आत्यांनी मागून घेतलं.
काठीला रबर, रबराला व्हॉल्व्ह, खाली करडी पेस्ट,
दोन तळव्यांत फिरवायचं, उचलायचं, पुन्हा फिरवायचं.
रवीच की गं ही, म्हणाल्या, नुसतं लोणी येत नाही.
सहा व्हॉल्व्ह, दोन दुपारी.
वर रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं,
खाली थेंब आला नाही.

हे पुण्याहून फोनवर:
मोबाइलात बघून इंजिन बांधतात का कुठं?
मी म्हणलं, दिवाळीत तुम्ही आवळून आवळून नळ मोडला,
माझ्याकडं टक् म्हणणारा पाना आहे.
मिस्त्रीचा, आठ दिवसांच्या बोलीवर,
ते सांगितलं नाही.

हेड बसलं. लाइट गेली. अंगणात पडले.
दीड वाजता कीर्द आठवली.
टॉर्च लावून बघते तर माझंच अक्षर:
पिस्टन एक, बसला, बाण पट्ट्याकडे.
पिस्टन तीन, बसला, बाण पट्ट्याकडे.
पिस्टन दोन, बसला.
एवढंच.
उजाडायच्या आत सगळं परत खोललं.
बाण गिअरबॉक्सकडं बघत होता,
उलट्या दिशेला पाट मांडून बसलेल्या पाहुण्यासारखा.
चारशे ऐंशीचं गॅस्केट वाया.
डाव्या पानावर पुन्हा: निघाला.
खोडलं काही नाही. कीर्दीत खोडत नसतात.

मंगळवारी प्लग काढून नुसतंच फिरवलं,
तेलाचा लाल दिवा विझेस्तोवर.
मग प्लग. मग चावी.
ठसका. काळा धूर. आत्यांनी पदर तोंडाला लावला.
पुन्हा ठसका, आणि मग
एक-तीन-दोन, एक-तीन-दोन.
चोवीस जिनं एकदम चालली की
मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही.
हे इतकं हळू, की दोनानंतरचा श्वास मोजता आला.
आत्या म्हणाल्या, शिवणयंत्रावानी वाजायलंय,
लगेच बंद नको करू.

बबन येऊन कान लावून गेला.
काही बोलला नाही. चहा मात्र दोनदा पिला.

दोन्ही पानं जुळली.
नट शिल्लक नाही, वायसर शिल्लक नाही.
तरी रोज सकाळी गाडीखाली
तेलाचा एक थेंब असतो, रुपयाएवढा.
तिथं मी डब्याचं झाकण ठेवलंय.
ही नोंद कुठल्या पानावर घ्यावी,
अजून ठरलेलं नाही.