शून्य मैलापासून

सीताबर्डीला, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या ओल्या खसच्या वासात बसून
मी लोकांना समुद्र विकते.
सात रात्री, आठ दिवस,
नाश्ता धरून. दुपारचं जेवण आपापलं.

भिंतीवर दाल्मेशिया आहे:
पांढऱ्या दगडाचा किनारा, लाल कौलं,
आणि पाणी इतकं निळं
की छापणाऱ्याच्या हातून शाई सांडली असावी.
पोस्टरचा एक कोपरा उन्हानं पिवळा पडलाय,
तिथे कायमची संध्याकाळ.

बाहेर सेहेचाळीस पूर्णांक दोन.
डांबर चपलेला सोडत नाही.
माणसं येतात, डोक्याचा दुपट्टा सोडतात,
विचारतात, "तिकडं ऊन कसं हाय?"
मी म्हणते, तीस.
तेव्हा त्यांचा जो चेहरा होतो
त्यावर माझं कमिशन चालतं.

काटोलचा एक बागवाला मात्र म्हणाला,
"संत्रं हाय का तिकडं?"
आहे, म्हटलं.
"मंग मी कायले जाऊ?"
आणि पाणी पिऊन उठला.

लांजेवार सर गेले होते, बायकोला घेऊन.
भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले.
बुकिंगच्या वेळी एवढंच विचारलं,
त्या राजवाड्याच्या भिंतींचा दगड कोणता?
मी माहितीपत्रक उलटंपालटं केलं.
तिथे लिहिलं होतं: ऐतिहासिक.

परत आल्यावर बोलल्या त्या प्रभावतीबाईच.
"सतराशे वर्साचा राजवाडा म्हणे,
अन् आतमधी लोकं राहतात ना बाप्पा!
राजाच्या खांबाले सायकल बांधलेली,
वर दोरीवर चड्ड्या वाळत.
एक बाई टोपली सोडून पाव घेत होती,
आमच्या महालात भाजी घेतात तशी.
मी हात हालवला.
तिनं खिडकी लावून घेतली.
दिवसाचे पाच हजार लोकं तिच्या टोपलीत पाहतात,
मी असती तं मीबी लावली असती."

सर इतका वेळ पंख्याकडे बघत होते.
"चुनखडी," ते म्हणाले.
"सगळा किनाराच मेलेल्या शिंपल्यांचा.
दबून दबून डोंगर झाला, डोंगराची भिंत,
आणि भिंतीपुढे उभं राहून
आपण दात दाखवायचे."

मग शर्टाच्या खिशातून एक खडा काढला.
मला वाटलं, तिकडून आणला.
"टाकळीचा," म्हणाले. "माझ्या घरापासून दीड किलोमीटर."
करडा खडा, आणि त्यात
वाटाण्याएवढी एक गोगलगाय,
पीळ न पीळ शाबूत.

म्हणजे नागपूरला समुद्र होता?
विचारताना माझ्या डोक्यात
पोस्टरचा मथळासुद्धा तयार झाला होता.

"छे. तळं होतं. गोड्या पाण्याचं, उथळ.
लाव्हा आला, थांबला.
त्या फुरसतीत पाणी साचलं,
ही आली, हिची पोरंबाळं आली.
मग पुन्हा लाव्हा."

बघायला येतं का कोणी?
"प्लॉट पडलेत तिथे."

खडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला,
नेला नाही.
आता तो तिकिटांवर असतो
कूलरच्या वाऱ्यात समुद्र उडू नये म्हणून.

संध्याकाळी मी शून्य मैलाच्या खांबाशी थांबते.
चार दगडी घोडे, एकाही घोड्यावर स्वार नाही.
अंतरं कोरलीत: हैदराबाद, रायपूर, जबलपूर.
किनाऱ्याचं कोणी मोजलेलं नाही.

काल तिथे एक पाहुणा कॅमेरा घेऊन,
गोरा, घामानं लालबुंद,
घोडे टिपत होता.
मी चौकटीत होते: हातात रिकामा डबा,
पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी.
तो हसला. हात हालवला.
माझ्यासारख्याच कोणीतरी, कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर,
त्याला मी विकली असणार,
नाश्ता धरून.

मी ओढणी तोंडावर घेतली
आणि आतून कडी लावली.