ओळ क्रमांक सतरा

मोहोळ रस्त्याला, जाळीच्या घरात
मी पानं मोजते.
म्हणजे पानांचं हिरवेपण.
यंत्राचा चिमटा लावायचा,
टिक् वाजलं की आकडा लिहायचा.
एकेचाळीस. एकोणचाळीस. अठ्ठावीस.

कुंड्यांना पाणी घालता घालता इरव्वा विचारते,
"रोज काय मोजलालाव, ताई?
काल हिरवं होतं, आज पन हिरवंच हाय की."

मी सांगते: ही मालदांडीच,
पण हिच्यात बार्लीचा एक जनुक बसवलाय.
आपण टाकतो त्यातला निम्मा युरिया
मुळाला सापडतच नाही,
पाण्यासोबत खाली उतरतो, विहिरीत जातो,
थोडा हवेत उडतो.
हिनं तो सोडायचा नाही.
निम्म्या नत्रावर पूर्ण कणीस पोसायचं.

इरव्वा झारी खाली ठेवते.
"अर्धं खायचं आनि काम पुरं करायचं.
मग त्याला इतकी मशिनं कशाला वो?
अक्कलकोटाकडं आमच्यात अशा सुना लई हाईत."

त्या दिवशी माझ्या वहीत
तीन कुंड्यांचे आकडे एकमेकांच्या जागी गेले.

नायना एकतीस वर्षं मागावर होते,
अशोक चौकामागच्या कारखान्यात.
पाळी सुटली की मागाखालचं सूत झाडायचं,
तागडीत घालायचं,
पाव किलोच्या वर भरलं की मजुरीतून कापायचे.
रात्री त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा.
"पडलं ते मोजतात," म्हणायचे,
"टॉवेल झाला तो मोजत नाहीत."
अहवालात मी 'नत्राचा ऱ्हास' असं लिहिते
तेव्हा ती तागडी दिसते.
तेवढंच. उपमा म्हणून ती मला वापरायची नाही.

डिसेंबरात उपाशी कुंड्या पिवळ्या पडल्या,
नेहमीप्रमाणे खालून.
जुनं पान आपल्यातला नत्र सोडवतं
आणि वर पाठवतं, नव्या पानाकडे.
हे कुठल्याही ज्वारीला येतं,
त्यासाठी बार्ली लागत नाही.

सतरावी ओळ मात्र बुडापासून हिरवी,
निम्म्या मात्रेवर.
तीनदा मोजली. बॅटरी बदलून मोजली.
मग बाहेर जाऊन चहा प्याले
आणि कुणाला काही सांगितलं नाही,
कारण अकराव्या ओळीतही तोच जनुक होता
आणि ती पिवळी होती.

जानेवारीत शेजारच्या रानातून
आगटीचा धूर जाळीतून आत यायचा,
त्याच्यामागे शेंगाचटणीचा वास.
आत आमच्या कणसांना कागदी पिशव्या,
पराग बाहेर जाऊ नये म्हणून.
"यातली एक तरी भाकरी?" इरव्वानं विचारलं.
मी नियम सांगितला:
मोजायचं, वजन करायचं,
उरलेलं समितीसमोर जाळायचं, सहीनिशी.
"जाळायला पिकवलालाव होय," ती म्हणाली
आणि पिशव्या सोडायला लागली.

भट्टीत ज्वारी तडतडली.
आधी लाह्यांसारखा वास आला.
आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.
मग नुसतं करपट.

सोमवारी ती आली ती पदराची गाठ सोडतच.
एक दाणा.
"शिवणीत अडकलेला.
पोरगं तोंडात घालनार होतं, हिसकून आनले.
तुमी मोजलालाव म्हनून."

तराजूवर ठेवला. छत्तीस मिलिग्रॅम.
सतराव्या ओळीचा की अकराव्या,
दळल्याशिवाय कळणार नव्हतं,
आणि दळायला तो हिशेबात नव्हता.
रजिस्टर उघडलं.
दाणे: एक.
शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं.
इरव्वा हलली नाही.
"नाव पन लिवा की," ती म्हणाली,
"आनलं कोन ते."

इरव्वा गुरप्पा हत्तुरे.
रकान्यात मावेना, शेवटचं
समासात गेलं.