शेऱ्याचा रकाना

शिवाजीनगरच्या मुख्यालयात एकोणीस वर्षं
मी शस्त्रागार सांभाळलं. आम्ही त्याला कोत म्हणतो.
तेलाचा वास अजून बोटांना आहे;
कणीक मळायला घेतली की सून म्हणते,
अण्णा, राहू द्या.

काम सोपं. खिडकीतून द्यायचं, खिडकीतून घ्यायचं.
पिस्तूल, बट नंबर, राउंड दहा, घेणाऱ्याची सही.
परत येताना जितके कमी
तितक्या पुंगळ्या टेबलावर.
एक पुंगळी हरवली म्हणून
अख्खी तुकडी सरावाच्या मैदानात
गवत चाळत बसलेली मी पाहिलीय.
पितळेच्या तुकड्यासाठी, चार तास, मे महिन्यात.

त्या पहाटे इंगवलेसाहेब आले.
बुटांना बोपदेव घाटाचा मुरूम.
चहा सांगितला, प्यायले नाहीत.
मी मोजले : सात.
लिहिले : सात.
पुंगळ्या दोन.
“तिसरी?” मी विचारलं.
नेहमीचाच प्रश्न, शिपायालाही विचारतो.
त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला.
“अंधार होता, खळदकर.”

दहा वाजेपर्यंत कागद तयार होता.
त्यात दोन गोळ्या होत्या.
त्यात एक कोयता होता.
त्यात दुर्गेश यल्लाप्पा कुसाळकर, वय बावीस,
राहणार रामटेकडी,
पथकाच्या अंगावर धावून येत होता
आणि जे झालं ते स्वसंरक्षणार्थ.
केवढा शब्द. मला तो कधी
एका दमात वाचता आला नाही.

दुपारी एक राउंड माझ्या टेबलावर आला,
सरावाच्या कोट्यातला, बॅच वेगळी.
“हा धरून आठ होतात ना?”
होतात. बेरीज मला येते.
ब्लेडनं मी सात खरवडला.
कागद तिथं पातळ झाला.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर म्हणाले, काही नको, कोराच शोभतो.

चौकशी झाली. झाली नाही असं कुणी म्हणू नये.
प्रांतसाहेबांनी मला तीन मिनिटं दिली.
अक्षर तुमचं? हो.
सही तुमची? हो.
परत आलेले आठ?
“वहीत आठ आहेत साहेब,” मी म्हणालो.
एक अक्षर खोटं नाही.
येताना घरी जिलबी नेली.

इंगवलेसाहेब आता मोठ्या हुद्द्यावर, दुसऱ्या शहरात.
मी पेन्शनीत.
परवा रामटेकडीला उतरलो.
काम काही नव्हतं, तरी उतरलो.
उतारावर एक बाई पाट्याला टाकी लावत बसलेली.
कुणाची आई ते पानवाल्यानं सांगितलं होतं.
मी म्हणालो, मी पोलिसात होतो.
छिन्नी थांबली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
“मीच धुतला त्याला.
तीन हुती. तिन्ही पाठीत.
कागुदवाले दोनच म्हंत्यात.”
आणि पाट्याच्या कडेला, जिथं टाकी लागत नाही,
तिथं तिनं छिन्नी टेकवली :
ठक्. ठक्.
ठक्.

एकोणीस वर्षांत इतका चोख ताळा
मला कधी लागला नव्हता.
तिचे तीन, माझे सात.

“नाव काय तुमचं?”
खिडकीच्या आत असताना
हे कुणी विचारलं नव्हतं.
घसा कोरडा पडला. रिक्षा जाऊ दिली एक.
मग सांगितलं. अख्खं, वडलांच्या नावासकट,
बक्कल नंबरासकट.

तिला लिहिता येत नव्हतं.
पदराला हात पुसत
तिनं शेजारच्या पोरीला हाक मारली :
वही आण गं.
पेन चालतं ते आण.