सायकल टाइम

अंबडला मी सेकंद मोजतो.
जॉब लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण.
बेचाळीसचे चाळीस केले
तेव्हा वडगावकर साहेबांनी पेढा दिला होता, अर्धा.

म्हणून एम. जी. रोडच्या काउंटरवर
पोरानं दोन फोन शेजारी ठेवून
एकाच अ‍ॅपवर बोट मारलं,
नवा उघडलासुद्धा, माझा अजून पांढराच,
तेव्हा लाज वाटली मला.
माझंच मशीन मागे पडल्यासारखी.

दीड सेकंद. दिवसातून चाळीसदा.
म्हणजे मिनिट. वर्षाला सहा तास.
पाऊण शिफ्ट.
आणि किंमत माझ्या तीस शिफ्टा.
तीन वर्षं टिकला तर सव्वादोन परत मिळतील,
त्याही चिल्लर,
कुठल्याच डब्यात न साठणाऱ्या.

हिशेब बरोबर आहे. तरी
हातातून ठेववेना.
पाठीला गार होता, नव्या बेअरिंगसारखा.

टपरीवर पैसे जाईस्तोवर चक्र फिरत राहतं,
तेवढ्यात दौलतमामा विचारतो, गुडघा काय म्हणतो?
नव्यात ते वाचेल.
(मला आवडत नाही ते विचारलेलं.)

बघून सांगतो म्हणालो,
भावाच्या पाटीचा फोटो घेतला, जुन्यावरच.

त्र्यंबक नाक्याला नव्वद सेकंद.
गाडी बंद करून पाहिला.
पाटी आलीच नाही.
बटण दाबल्यावर त्यानं जरा वेळ घेतला असणार,
तोवर माझा हात खाली.
पोराची जांभई आलीय,
गिऱ्हाईक वळलं की येते तशी,
पुरी, डोळे मिटून, काउंटरवर कोपर टेकून.

मागून हॉर्न.
सुटला होता सिग्नल.