पारड्याखालची चिंच

बाबा वजनमापे खात्यात होते, बार्देश तालुका.
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात त्यांची खाकी पिशवी दिसली
की मिरच्यांच्या राशींमागे कुजबुज सुरू व्हायची.
दुकानदार बोलत असतो तेव्हा, ते मला सांगायचे,
त्याच्या तोंडाकडे बघू नये.
पारडं उलटं करावं.
तळाला सुपारीएवढी चिंच चिकटवलेली असते.

आता त्यांची उजवी बाजू गेली आहे
आणि बहुतेक शब्द.
मी हळदोण्याच्या उतारावर उभी आहे
सांजांवच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, न कळवता.
काल विहिरींत उड्या मारून दमलेला गाव झोपलाय,
फाटकावर कोणाचा तरी फुलांचा मुकुट सुकतोय.

मॅनेजर फ्लावियो. कडक इस्त्रीचा शर्ट.
काचेच्या पेटीत मासे, तीन चौकटींत तीन प्रमाणपत्रं,
चोवीस तास नर्स, ऑक्सिजन, फिजिओ, रविवारी मीस
(माझं आडनाव ऐकून तो जोडतो: चवथीला आरतीसुद्धा).
रात्री किती माणसं असतात?
"लागतील तितकी."

मी वास घेते. फिनेल जास्त आहे.
जास्त फिनेल म्हणजे बरं की वाईट, ठरवता येत नाही.
एका म्हातारीची नखं बघते, नीट कापलेली,
करंगळीचं तेवढं राहून गेलंय.
कुठल्याशा खोलीत घंटी वाजू लागते.
मी घड्याळ बघते. एक मिनिट. तीन.
फ्लावियो जेवणाचा तक्ता समजावतोय, बुधवारी पेज, शुक्रवारी मासळी.
साडेसहा मिनिटांनी घंटी थांबते.
कोणी पोचलं म्हणून, की दाबणारा थकला म्हणून?

खोली सात. आवेलिनो, आयुष्यभर बोटीवर खानसामा.
त्याचीही उजवीच बाजू.
टेबलावर पाण्याचा पेला,
भरलेला, झाकलेला, स्वच्छ,
उजवीकडे.

सापडली.

पलंगाला सुतळीने बांधलेली वही:
दर दोन तासांनी कूस बदलली, वेळ, सही.
दोन वाजता, सही.
चार वाजता, सही.
माझ्या घड्याळात दोन चाळीस.

तेवढ्यात ती येते, ओल्या हातांनी, धापा टाकत.
सुमंती टोप्पो, झारखंडची, दोन वर्षं इथं.
वही माझ्या हातात बघते.
"चाराक वेळ मेळना, बाय. एकवीस जाण आसात."
मी काही विचारलंच नव्हतं.
पेला उचलून ती डावीकडे ठेवते.
आवेलिनोच्या पाठीखाली हात घालते
आणि तो आधीच खांदा सैल सोडतो,
ओळखीच्या हाताला सोडावा तसा.
मी न विचारता त्याचे मोजे काढते.
टाचा कोरड्या, गुलाबी, कुठे चिरही नाही.

म्हणजे वही खोटी आहे आणि टाचा खऱ्या.
असलं वजन बाबांनी मला कधी दाखवलं नव्हतं.

फ्लावियो दर सांगतो.
डिपॉझिट परत मिळत नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगते,
वही, साडेसहा मिनिटं, त्या माणसाचा खांदा.
ते डाव्या बोटाने चादरीवर काहीतरी सरळ करत राहतात.
काटा असावा.
मग खूप वेळाने: "परत."
कुठलं परत, हे विचारायला
मला धीर होत नाही.

रात्री अकराचा गजर लावते. गाडीची चावी उशीशी.
दिवा मालवायला वळते
तर त्यांच्या टेबलावर पेला,
भरलेला, झाकलेला,
सकाळी मीच ठेवलेला,
उजवीकडे.